दोन वर्षांत मॅट्रिक

पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळात सरकारला खेड्यापाड्यांत कामाला बायका हव्या होत्या. मोठ्या हुद्द्यांवर नव्हेत, अगदी पायथ्याच्या कामांवर: ग्रामसेविका, परिचारिका, सुईण, बालवाडीची शिक्षिका, शिवण शिकवणारी बाई. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच सुमारास प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली. चुलीपर्यंत जाऊन बोलणारी, बाळंतिणीला तपासणारी, पोरे गोळा करून बसवणारी एखादी शिकलेली स्त्री गावात नाही तर निदान तालुक्यात तरी मिळेल, असे या आराखड्यांत गृहीत धरलेले होते. तशी स्त्री मिळत नव्हती. १९५१च्या जनगणनेत देशातल्या स्त्रियांच्या साक्षरतेचे प्रमाण ८.८६ टक्के होते. शंभर बायकांत नऊसुद्धा अक्षरओळख असलेल्या नाहीत, आणि प्रशिक्षणाला प्रवेश हवा तर सातवी-आठवी, पुष्कळदा मॅट्रिक लागायची.

त्याच देशात, बहुतेक वेळा त्याच गावात, कामाची नितांत गरज असलेल्या असंख्य बायका घरात बसून होत्या. कुणी विधवा, कुणी नवऱ्याने टाकलेली, कुणाच्या घरात एकाची कमाई सहा तोंडांना पुरत नव्हती. त्यांतल्या कितीतरी जणी तिसरी-चौथीपर्यंत शाळेत गेलेल्या होत्या. लग्न ठरले आणि पाटी-दप्तर सुटले. आता विशीत-तिशीत त्यांना परत शाळेत जायची वाट नव्हती. पाचवीच्या वर्गात दहा वर्षांच्या पोरांशेजारी पंचवीस वर्षांची बाई बसत नाही. मनाचा हिय्या करून बसलीच, तरी मॅट्रिक व्हायला तिला सहा-सात वर्षे लागणार. तेवढी वर्षे तिला आणि तिच्या लेकराला खायला कोण घालणार?

एकीकडे माणूस मिळत नाही म्हणून रिकाम्या राहिलेल्या जागा आणि दुसरीकडे जागा मिळत नाही म्हणून रिकामे राहिलेले माणूस, अशी ही स्थिती होती. या दोन टोकांना जोडणारी योजना केंद्रीय समाजकल्याण मंडळाने १९५८ साली सुरू केली. तिचे नाव प्रौढ महिलांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रम. बोलण्यात तो ‘कंडेन्स्ड कोर्स’. स्वतंत्र भारताने स्त्रियांसाठी आखलेल्या योजनांत यापेक्षा कितीतरी अधिक खर्चाच्या आणि अधिक गाजलेल्या योजना आहेत. पण इतकी नेमकी, माणसाची अडचण मुळापासून ओळखून बेतलेली योजना मला दुसरी दिसत नाही.

तिची रचना अशी होती. थोडेफार शिकलेल्या प्रौढ स्त्रिया निवडायच्या. वयाची मर्यादा ठरवून दिलेली होती. त्यांचा एक छोटा वर्ग करायचा. शाळेच्या पाच-सहा इयत्तांचा अभ्यास दोन वर्षांत बसवायचा आणि शेवटी त्यांना त्या-त्या राज्याच्या मंडळाच्या परीक्षेला बाहेरून बसवायचे. वर्ग चालवायचा स्थानिक स्वयंसेवी संस्थेने. शिक्षकांचा पगार, पुस्तके, साहित्य आणि राहण्या-जेवणाची सोय किंवा विद्यावेतन यांसाठी अनुदान द्यायचे मंडळाने. विधवा, परित्यक्ता, निराधार, आदिवासी आणि गरीब घरांतल्या स्त्रियांना प्राधान्य. काही वर्ग प्राथमिक पातळीचे, काही सातवी-आठवीपर्यंतचे आणि काही मॅट्रिकचे.

दोन वर्षे हा आकडा पाहून कुणालाही वाटेल की ही घाईगर्दी आहे. पण जरा विचार केला तर त्यातला शहाणपणा कळतो. शालेय अभ्यासक्रमाची लांबी विषयावर कमी आणि मुलाच्या वाढीवर जास्त ठरलेली असते. आठ वर्षांच्या मुलाला अपूर्णांक समजायला वेळ लागतो, कारण पाव आणि पाऊण यांच्याशी त्याचा अजून व्यवहार पडलेला नसतो. बाजारहाट केलेल्या, धान्य मापून दिलेल्या, सावकाराचे व्याज भरलेल्या बाईला ते सगळे आधीच ठाऊक असते. तिला फक्त कागदावर मांडायची रीत शिकवायची. इतिहास, भूगोल, आरोग्य यांचेही तसेच. शिवाय ती दिवसभर एकच काम करते आहे. वसतिगृहात राहते, सकाळ-संध्याकाळ अभ्यास करते, आणि का शिकते आहे हे तिला शिकवणाऱ्यापेक्षा जास्त कळते.

अडत इंग्रजीपाशी आणि बीजगणितापाशी. तिथे आयुष्याचा अनुभव कामाला येत नाही. म्हणूनच या योजनेतली एक तरतूद मला फार मोलाची वाटते: परीक्षेत नापास झालेल्या स्त्रियांसाठी वेगळा एक वर्षाचा वर्ग. सरकारी मदत बहुधा यशाला बांधलेली असते. पास झालात तर पुढचा हप्ता, नाही तर घरी. इथे नापास होणे ही शिक्षणाच्या वाटेवरची एक होणारच अशी गोष्ट धरली आणि तिच्यासाठी पैसे बाजूला ठेवले. एकदा नापास झालेली प्रौढ बाई घरी परतली की तिला पुन्हा बाहेर काढणे किती अवघड असते हे माहीत असलेल्या कुणीतरीच ही ओळ लिहिलेली असणार.

हे ज्यांना माहीत होते त्यांचे नाव दुर्गाबाई देशमुख.

मराठी वाचकाला दुर्गाबाई बहुधा चिंतामणराव देशमुखांच्या पत्नी म्हणून ठाऊक असतात. रायगडाच्या परिसरातल्या नाते गावी जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नंतरचे अर्थमंत्री, मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली राजीनामा देणारे सी. डी. देशमुख. २२ जानेवारी १९५३ रोजी दोघांचा नोंदणी विवाह झाला आणि साक्षीदारांत जवाहरलाल नेहरू होते. पण त्याआधीची दुर्गाबाईंची त्रेचाळीस वर्षे हा स्वतंत्र ग्रंथ आहे, आणि कंडेन्स्ड कोर्सची सारी बीजे त्यात सापडतात.

त्यांचा जन्म १५ जुलै १९०९ रोजी आंध्रातल्या राजमहेंद्री इथला. आठव्या वर्षी लग्न झाले. शाळेत इंग्रजी माध्यम लादले म्हणून असहकाराच्या दिवसांत त्यांनी कोवळ्या वयातच शाळा सोडली आणि मुलींसाठी हिंदीची पाठशाळा काढली. १९२३ साली काकिनाड्याला काँग्रेसचे अधिवेशन भरले तेव्हा प्रदर्शनाच्या दारावर स्वयंसेविका म्हणून उभ्या असलेल्या या चौदा वर्षांच्या मुलीने तिकीट नाही म्हणून खुद्द नेहरूंना अडवले, ही हकीकत प्रसिद्धच आहे. कळत्या वयात त्यांनी बालविवाह नाकारला. नांदायला जाणार नाही असे पतीला सांगितले आणि त्यांनी दुसरे लग्न करावे म्हणून संमतीही दिली. पुढे मिठाच्या सत्याग्रहात त्या पकडल्या गेल्या, वेल्लोर आणि मदुराईच्या तुरुंगांत राहिल्या. तुरुंगात त्यांनी ज्या बायका पाहिल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या, आपल्यावरचा आरोपही धड न समजलेल्या, त्यांचा परिणाम खोल होता. कायदा शिकायचा हे तिथेच ठरले.

सुटून आल्या तेव्हा विशी उलटून गेलेली होती आणि हातात मॅट्रिकचे प्रमाणपत्रही नव्हते. त्यांनी घरी अभ्यास केला आणि बनारस हिंदू विश्वविद्यालयाची मॅट्रिकची परीक्षा बाहेरून दिली. इंटरही तिथूनच. पुढे राज्यशास्त्र घ्यायचे होते, पण तो विषय मुलींचा नव्हे असे तिथले कुलगुरू पंडित मालवीय यांचे मत होते. मग त्या वॉल्टेअरच्या आंध्र विद्यापीठात गेल्या. तिथले कुलगुरू सी. आर. रेड्डी यांची अडचण वेगळी होती: विद्यापीठात मुलींचे वसतिगृह नव्हते. दुर्गाबाईंनी शिकू इच्छिणाऱ्या आणखी मुली शोधल्या, सगळ्यांनी मिळून राहण्याची सोय उभी केली आणि मग कुलगुरूंपुढे कारण उरले नाही. १९३९ साली त्यांनी तिथून राज्यशास्त्राची ऑनर्स पदवी घेतली. त्यानंतर मद्रासला कायदा, आणि १९४२ साली वकिलीची सनद.

या प्रवासात बाहेरून देता येणारी परीक्षा, आयुष्याने मध्येच तोडलेले शिक्षण आणि वसतिगृहावाचून अडलेला प्रवेश या तिन्ही गोष्टी आहेत. वीस वर्षांनी योजनेच्या कागदावर त्या तिन्ही उतरल्या.

मधल्या काळात त्यांनी ही पद्धत करूनही पाहिली होती. मद्रासच्या मैलापूर भागात आपला अभ्यास चालू असतानाच त्या शेजारपाजारच्या मुलींना बनारसच्या मॅट्रिकसाठी शिकवू लागल्या. त्यातूनच १९३७ साली आंध्र महिला सभा उभी राहिली. तिने पुढे दवाखाने, परिचारिका प्रशिक्षण, महाविद्यालये असा मोठा पसारा मांडला, पण मुळाशी होता तो हाच छोटा वर्ग. वय उलटलेल्या मुली, बाहेरची परीक्षा, थोडा वेळ. आणि या सभेशी जोडलेली एक गोष्ट सांगायलाच हवी. दुर्गाबाईंचे पहिले पती वारल्यावर त्यांच्या दुसऱ्या पत्नीचे घरात हाल होऊ लागले. दुर्गाबाईंनी तिला सभेत आणले, काम शिकवले आणि नोकरीला लावून दिले. आपण बाजूला झालो त्या जागी जिचे लग्न झाले, तिलाच पायावर उभे करण्याइतके मन मोठे असणे ही साधी गोष्ट नाही. मला त्यात औदार्याइतकीच एक शिस्तही दिसते. बाई अडचणीत आहे म्हणजे तिला निवारा हवा, शिक्षण हवे आणि शेवटी पगार हवा. यातले एक जरी गाळले तरी ती पुन्हा होती तिथेच जाणार.

संविधान सभेत काम केल्यानंतर दुर्गाबाई नियोजन आयोगाच्या सदस्य झाल्या. समाजकल्याणाचे काम सरकारी खात्याने न करता आधीपासून ते करत असलेल्या संस्थांकडून करून घ्यावे, आणि त्यांना हात देणारे एक मंडळ असावे, हा त्यांचा आग्रह. ऑगस्ट १९५३ मध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि त्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. पहिल्या योजनेत स्वयंसेवी संस्थांच्या मदतीसाठी चार कोटी रुपयांची तरतूद होती. राज्यांत सल्लागार मंडळे नेमली गेली, त्यांत बिनसरकारी महिला कार्यकर्त्यांना स्थान दिले गेले. मंडळाने साधारण पंचवीस-पंचवीस गावांचे कल्याण विस्तार प्रकल्प सुरू केले: बालवाडी, बाळंतपणाची सोय, शिवण-विणकाम, साक्षरता. ते चालवायला ग्रामसेविका लागत आणि त्यांच्या प्रशिक्षणाचे काम कस्तुरबा ट्रस्टने उचलले. इथेच ती आरंभी सांगितलेली अडचण आली. प्रशिक्षण तयार, पण प्रशिक्षणाला पात्र बायका पुरेशा नाहीत. कंडेन्स्ड कोर्स हे त्या अडचणीला दिलेले उत्तर होते. १९५८ सालीच दुर्गाबाई राष्ट्रीय स्त्रीशिक्षण समितीच्या अध्यक्ष झाल्या आणि पुढच्या वर्षी त्या समितीच्या शिफारशींवरून स्त्रीशिक्षणाची राष्ट्रीय परिषद उभी राहिली.

महाराष्ट्राला हा विचार अगदी नवा नव्हता, आणि हे अभिमानाने सांगण्यासारखे आहे. महर्षी कर्व्यांच्या आश्रमात येणाऱ्या विधवा मोठ्या वयाच्याच असत. कर्व्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले यांनी विशी ओलांडल्यावर, पदरी मूल असताना, अक्षरे गिरवायला सुरुवात केली, पुढे आश्रमासाठी गावोगाव हिंडून निधी जमवला आणि इंग्रजी शिकायला म्हणून १९१८ साली त्या थेट अमेरिकेला गेल्या. तिथे घरकाम करून त्या राहिल्या. पुण्याच्या सेवासदनात रमाबाई रानड्यांनी तर शिक्षण आणि नोकरी यांची गाठ त्याच काळात मारली होती. १९०९ साली सुरू झालेल्या या संस्थेने ससून रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणासाठी मुली पाठवल्या, तेही रुग्णाला हात लावणे हे हलके काम समजले जात होते तेव्हा. फरक इतकाच की हे सगळे वर्गणीवर, दानावर आणि काही थोर माणसांच्या हिमतीवर चालले होते. एका संस्थेच्या अंगणात जे शक्य झाले ते राज्याच्या तिजोरीतून, देशभर, नियम म्हणून व्हावे ही पुढची पायरी होती. ती पायरी १९५८ साली चढली गेली.

१९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. त्या सुमारास या अभ्यासक्रमांना व्यवसाय प्रशिक्षणाची जोड मिळाली. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि गावोगाव अंगणवाडी सेविकेचे पद निर्माण झाले. पुन्हा एकदा सरकारला गावातली, थोडी शिकलेली बाई हवी होती. महाराष्ट्रात त्याच वर्षी महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, स्थापन झाले. चिंतामणराव आणि दुर्गाबाई या दोघांनाही त्याच वर्षी पद्मविभूषण मिळाले, हा योगायोग नोंदवून ठेवतो. या वर्षाच्या मागेपुढे योजनांची रांग लागली. नोकरदार स्त्रियांच्या वसतिगृहांना मदत १९७०च्या दशकाच्या आरंभीच सुरू झाली होती, नोएडाला महिलांची व्यवसाय प्रशिक्षण संस्था १९७७ साली निघाली, १९८६-८७ मध्ये प्रशिक्षण आणि रोजगाराचा ‘स्टेप’ कार्यक्रम आला, १९९४ साली महाराष्ट्राने आपले पहिले महिला धोरण जाहीर केले आणि सरकारी नोकऱ्यांत तीस टक्के जागा स्त्रियांसाठी राखल्या.

केंद्रीय समाजकल्याण मंडळ २०२२ साली बंद करण्यात आले. एका संस्थेचे आयुष्य संपले यात दुःख करण्यासारखे काही नाही. काळाप्रमाणे यंत्रणा बदलतात. प्रश्न आहे तो तिने जोडलेल्या निवारा, शिक्षण आणि पगार या गोष्टी आज जोडलेल्या आहेत का, हा.

शिक्षणाची दारे आज दुर्गाबाईंच्या काळापेक्षा कितीतरी जास्त उघडी आहेत. महाराष्ट्रात सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावी बाहेरून देता येते आणि तो भरणाऱ्यांत लग्न झालेल्या, शाळेत जाणारी मुले असलेल्या बायका असतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालय १९८९ साली सुरू झाले. त्याच वर्षी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. बारावी न झालेल्या प्रौढांना तिथे पूर्वतयारी अभ्यासक्रमातून पदवीकडे जाता आले, आणि घरचे सगळे आवरून रात्री पुस्तक उघडणाऱ्या असंख्य बायकांनी तो रस्ता धरला. २०२४-२५ पासून महाराष्ट्राने व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिकणाऱ्या, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या आणि ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा शुल्के पूर्ण माफ केली. ही फार मोठी गोष्ट आहे, कारण घरात दोन मुले शिकणारी असली आणि पैसा एकाच्याच फीपुरता असला, तर तो कुणावर खर्च होतो हे सांगायला नको.

पण फी हा खर्चाचा एक भाग. लातूरच्या किंवा नंदुरबारच्या गावातली मुलगी पुण्याला आली की खोलीचे भाडे आणि खानावळ यांचा आकडा बऱ्याचदा फीला मागे टाकतो. आणि ज्या बाईचे शिक्षण सुटून दहा वर्षे झाली आहेत तिच्यासाठी फीमाफी पुरत नाही. सतरा नंबरचा फॉर्म तिला परीक्षेला बसू देतो, पण गणित शिकवायला कुणी येत नाही. मुक्त विद्यापीठ पुस्तक घरी पाठवते, पण त्या पुस्तकापुरते दोन तास तिला घरातून कुणी मोकळे करून देत नाही. कौशल्य विकासाच्या वर्गाला ती गेली तर तीन महिन्यांचे प्रमाणपत्र मिळते, त्यापुढे नोकरी कुठे हे तिलाच शोधावे लागते. एकेक गोष्ट चांगली आहे, मनापासून केलेली आहे. त्या एकाच बाईच्या आयुष्यात एकाच वेळी येत नाहीत, इतकेच.

म्हणून मला केंद्र सरकारच्या ‘मिशन शक्ती’खालच्या सखी निवास योजनेकडे आशेने पाहावेसे वाटते. ही नोकरदार स्त्रियांच्या वसतिगृहांचीच पुढची आवृत्ती. तीत नोकरी करणाऱ्या स्त्रियांबरोबर काही प्रमाणात प्रशिक्षण घेणाऱ्या स्त्रियांनाही राहता येते, मुलांना सोबत ठेवता येते आणि पाळणाघराची तरतूद आहे. जोडीला अंगणवाडीतच दिवसभराचे पाळणाघर चालवण्याची ‘पाळणा’ योजना आहे. अशा एखाद्या निवासाला जिल्ह्याच्या ठिकाणी दहावी-बारावीच्या प्रौढ वर्गाची जोड दिली, इंग्रजी-गणिताला पगारी शिक्षक दिले, नापास झालेलीला आणखी एक वर्ष राहू दिले, आणि त्याच जिल्ह्यातल्या आरोग्यसेविका, अंगणवाडी आणि परिचारिका प्रशिक्षणाच्या जागांशी तो वर्ग आधीच बांधून घेतला, तर दुर्गाबाईंचा आराखडा नव्या इमारतीत उभा राहील. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. महिला व बालविकास, शालेय शिक्षण आणि आरोग्य या तीन खात्यांच्या अधिकाऱ्यांनी एका टेबलाशी बसावे लागेल, आणि त्या टेबलाशी स्वतः मध्येच शाळा सुटलेली एखादी बाई असेल तर फारच बरे.